शालूच्या आईला ठाऊक असलेला शेवट

आमची कशी टरकली होती, ते ऐका. मुंबईतल्या भुतांच्या कादंबरीमालेचा नवाकोरा पाचवा भाग आरोंद्याच्या वाचनालयातून पहिल्यांदा मीच घरी आणला. शेवटची पानं कडेला जोडलेली होती, म्हणून सुरी घेऊन बसले. तेवढ्यात शेजारची शालू आली.

"शेवट माका आवडाक नाय," ती म्हणाली. "त्या चेडवाक पुलार मारूक नको होता."

पानं कापली. मुलगी खरंच पुलावर मेली होती.

"तुका कोणी सांगल्यान?"

"आवशीन."

शालूच्या आईला अक्षरओळखही नव्हती. आम्ही दोघी धावत तिच्याकडे गेलो. मासळी साफ करता करता, वर न बघताच ती म्हणाली,

"घाबरतास कित्याक? फुडच्या भागात ता चेडू परत येतला."

सहावा भाग आला, पण तो उघडायची आमची छाती झाली नाही.