जिन्याखालची सुई

दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट पाहत शिंपीणबाई मशीनच्या सवयीने पाय हलवत बसल्या होत्या. शेजारी एका शाळेचा शिपाई आपल्या ताईशी बोलत होता.

"विद्यापीठाच्या लोकांनी आमच्या जिन्याखाली भूकंप टिपायचं यंत्र बसवलंय. मुलांना शिकवायला."

"मुलं ते धड राहू देतील होय?"

"मधल्या सुट्टीत सुई नुसती थयथयाट करते! म्हणून वही ठेवलीय. जवळून जो जाईल, त्याने वेळ लिहायची. मग तेवढी थरथर ते सोडून देतात."

"तूही लिहितोस?"

"झाडू मारला तरी लिहितो. परवा रविवारी पहाऱ्याला मी एकटाच. खुर्चीत बसलेलो, आणि सुई हलायला लागली."

"तुझाच पाय लागला असेल."

"मलाही तेच वाटलं. श्वास रोखून बसलो. तरी हलतेच आहे, ताई! सोमवारी विद्यापीठाच्या मॅडम धावत आल्या. समुद्रापलीकडे, हजारो मैलांवर जमीन हादरली होती."

"अगं बाई! आणि ते तुझ्या जिन्याखाली कळलं?"

"वीस मिनिटांत."

"मग वहीत काय लिहिलंस?"

"वेळ लिहिली. आणि पुढे लिहिलं, मी हललो नव्हतो."

शिंपीणबाईंचा पाय केव्हाच थांबला होता.