पाच वॉटची हाक

हसू नका, पण सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये मी स्वतः बनवलेला वायरलेस सेट सगळ्यांचं ऐकायचा, पण बोलायचा काहीच नाही. साताऱ्याचा माझा मित्र देसाई, माझ्यासारखाच हौशी रेडिओवाला, ऑपरेशन होऊन पडलेला. त्याला शब्द दिला होता की रविवारी याच सेटवरून बोलेन.

बायको म्हणाली, “अहो, सरळ फोन करा ना!”

“फोन कोणीही करेल,” म्हटलं आणि पुन्हा मीटर घेऊन बसलो. ट्रान्झिस्टर बदलला, सोल्डरिंगचा एकेक डाग परत दिला, तरी सेट मुकाच. शेवटी हाताने गुंडाळलेली कॉइल तपासली, तर तिच्यातून करंटच जाईना. तांब्याच्या तारेचं वार्निश एका टोकाला खरवडायचंच राहिलं होतं. वरून डाग चकचकीत, आत जोड नाही! ब्लेडने तार घासली, नवा डाग दिला आणि रविवारी सकाळी देसाईला हाक मारली.

खरखरीतून उत्तर आलं, “बारीक येतोयस रे, पण येतोयस! किती पॉवर?”

“पाच वॉट.”

“मग थांब, उठून बसतो. पडून नीट ऐकू येत नाहीये.”

तेवढ्यात त्याच्या मागून वहिनी ओरडल्या, “अगं बाई! डॉक्टर सांगून थकले, तेव्हा नाही उठले हे!”