सर्वांत मोठा हीटर द्या!

...आता हसू नका, आधीच सांगतो! नाही, हसा, पण तोंड फिरवून हसा. तुम्हाला सांगतो, तो हीटर पंपाच्या खोलीत शिरेचना! रुसलेल्या आत्यासारखा दारातच अडून बसला. मग काय केलं? चौकट फोडली! दुसरं काय करणार, डोकं वापरायचं काम दादाचं होतं... लाज वाटते हो सांगायला.

पोहण्याचा तलाव आमचा. म्हणजे दादाचा. त्यात वहिनी गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्यांना व्यायाम शिकवते, त्यावर घर चालतं. दादा गेला आणि पाणी गार पडायला लागलं. एक आजोबा पायरीवरून पाय बुडवतात, काढतात, "अगं, हे पाणी आहे का सूड?" एकेक जण यायचा बंद झाला. मला वाटलं, हीटर लहान पडतोय. तडक दुकान गाठलं.

दुकानदार विचारतो, "लांबी-रुंदी किती? खोली? रात्री पाणी झाकता का?" मी म्हटलं, "परीक्षा घेता का माझी? सर्वांत मोठा द्या!" परीक्षेलाच घाबरून शाळा सोडलेला माणूस मी... तो बिचारा म्हणतोय, "अहो, तुमच्या वायरिंगला झेपेल का?" "द्या म्हटलं ना!"

हीटर आत घातला, जुन्याशेजारी उभा केला, बटण दाबलं. खट्! आमचे दिवे गेले, शेजारी शिंप्याचं मशीन थांबलं, आणि वरच्या न्हाव्याकडचं गिऱ्हाईक अर्धं डोकं भादरलेलं तसंच खाली धावत आलं, "कोण आहे रे तो?" मी होतो हो... लाज वाटते सांगायला.

वहिनी आली. हीटरकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "भाऊजी, तलावावर चादर कधीपासून घातली नाही?"

ती चादर... प्लास्टिकची, तलावाएवढी. रोज संध्याकाळी अंथरायची. एका टोकाला मी, दुसऱ्याला दादा. दादा म्हणतो... म्हणायचा, "ऊब वरूनच उडून जाते रे, ओढ नीट, गाढवा!" एकट्याने ती पसरत नाही हो. आणि 'जरा ते टोक धर' असं मी कुणाला सांगू? ते टोक दादाचं आहे! एवढं एक वाक्य तोंडातून निघेना, म्हणून मी चौकट फोडली, लोकांचे दिवे घालवले, पण चादरीला हात लावला नाही.

वहिनीने वाकून दुसरं टोक उचललं. मी उभाच. "बघताय काय, भाऊजी? ओढा!" गाढवा म्हणाली नाही. पण ओठावर आलं होतं, मला दिसलं.

दिवे आले, रोज चादर पडायला लागली, आणि जुन्याच हीटरवर पाणी पुन्हा कोमट! आजोबा गळ्यापर्यंत उतरले, "हां, आता कसं!" मोठा हीटर दुकानदार परत घ्यायला तयार होता, भला माणूस. पण वहिनीला खूश करायला मी घाईघाईने दाराची चौकट पुन्हा बसवली होती... हीटर आत!

आता त्याच्यावर ओले टॉवेल घालतो. वाळत नाहीत. चालू कोण करणार?