डावीकडे ओढणारी जीप

गॅरेजच्या बाकावर एक आजी आपल्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. समोर एका जुन्या जीपची पुढची चाकं काढलेली होती आणि जीपचा मालक मिस्त्रीच्या कानाशी लागला होता.

"सस्पेन्शन सगळं नवं घाला, पण स्टिअरिंगचा ढिलेपणा थोडा राहू द्या."

"साहेब, बॉल जॉइंट पार खिळखिळे झालेत. एखाद्या वळणावर चाक निखळेल."

"हळू बोला हो. डावीकडे ओढते म्हणूनच ती माझ्याशिवाय कुणाला जमत नाही. सरळ धावायला लागली की आमची ही चालवायला मागेल."

"वहिनी?"

"लायसन काढून बसलीय. दर वेळी सांगतो, गाडीला माझ्या हाताची सवय आहे."

"मग कठीण आहे. पार्ट वहिनींनीच आणून दिलेत. जुना एकही ठेवायचा नाही म्हणाल्या."

"कधी म्हणाली?"

"तुम्ही चहाला गेलात तेव्हा," मागून बायको म्हणाली. "चालू द्या मिस्त्री तुमचं काम."

दुपारी चाकं चढली, अलाइनमेंट झाली. आजींची गाडी केव्हाच तयार होती, पण त्या काही बाकावरून हलल्या नाहीत.

"ट्रायल कोण घेणार?" मिस्त्रीने विचारलं.

"द्या ती किल्ली माझ्याकडे," बायको म्हणाली.

"अगं, डावीकडे ओढते ती."

"आता नाही ओढत."

"मग मी काय करू?"

"शेजारी बसा आणि जीव मुठीत धरून रस्ता बघा. इतकी वर्षं मी तेच केलं."

"बरं. हळू, हळू."

"अहो, आधी चालू तर करू द्या."