दोनशे निरगाठी

(चर्चच्या मागचा हॉल. पूरग्रस्तांसाठी प्लास्टिकमध्ये बांधलेल्या गाठोड्यांचा ढीग, दाराशी पाण्याची बादली. सासू, नर्स असलेली तिची सून आणि मदत समितीचा सेक्रेटरी.)

सासू : प्रार्थना गटात? मला? परत वाच.

सेक्रेटरी : काकू, यादी समितीने केलीय. दहा जण ट्रकबरोबर जाणार. बाकीच्यांनी इथे बसून त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. तेही कामच आहे.

सासू : प्रार्थना मी भांडी घासतानाही करते, त्याला यादी लागत नाही. चार दिवस चादरींच्या घड्या घालून कंबर मोडली माझी. आणि आता ट्रक भरला की म्हातारीने डोळे मिटून बसायचं?

सून : आई, हळू. आत पाळकसाहेब आहेत.

सासू : असू देत. त्यांच्याही कानावर जाऊ दे.

सेक्रेटरी : माझ्यावर कशाला चिडता? फॉर्ममध्ये रकाना होता, मदतकार्याचा अनुभव. तुमचा कोरा. नियम सगळ्यांना सारखा.

सून : मी विचारलं होतं आई, काय लिहू म्हणून. तुम्हीच म्हणालात, सोड तो रकाना.

सासू : म्हणाले असेन. पण हा मला नियम शिकवतोय! तुझ्या बाप्तिस्म्याला एवढा थयथयाट केलास की पाळकांचा झगा भिजला. मीच धरलं होतं तुला. तेव्हा विचारला कुणी माझा अनुभव?

सेक्रेटरी : काकू, ते वेगळं...

सासू : आणि अनुभववाले कोण, तर तो ऑर्गन वाजवणारा. परवा सुतळीचं टोक सापडेना म्हणून अर्धा तास रीळ हातात घेऊन बसला होता. शिवणवाली तर ट्रकवर चढायलाच चार माणसं मागेल.

सून : पुरे हो आई. मला हसू येतंय, आणि जायचंय मला त्यांच्याबरोबरच.

सासू : तुझं बरोबर आहे, तुझ्या हाताला काम येतं. ए सेक्रेटरी, ही गाठोडी कुणी बांधली?

सेक्रेटरी : मी! दोनशेच्या दोनशे, एकट्याने. पक्की निरगाठ. ट्रकमधून फेकलं तरी सुटायचं नाही.

सासू : दिसतंय ते. इकडे ये. एक गाठोडं बादलीत बुडव, आणि हातही तसेच आत ठेव.

सेक्रेटरी : कशाला? पाणी गार आहे.

सासू : तिकडे काय कोमट करून ठेवलंय कुणी? ठेव. मी सांगेन तेव्हा काढ.

सेक्रेटरी : वहिनी, सांगा ना काहीतरी.

सून : मी घरी सांगून बघते दादा, रोज. काढा बाह्या वर.

सेक्रेटरी : ...बास, काकू. बोटं बधिर झाली.

सासू : झाली? आता सोड ती गाठ.

सेक्रेटरी : सुतळी फुगलीय. नख शिरत नाही. कात्री द्या.

सासू : कात्री वाहून गेली. घरही गेलं. कडेवर पोर आहे, ते रडतंय. सोड.

सेक्रेटरी : मग... दाताने सोडेन.

सासू : दाताने. हं. हा बघ, माझा पुढचा गेलेला.

सून : पण तो तर तुम्ही नळावर घसरलात तेव्हा पडला ना?

सासू : असं मी सांगत आले. तुझा नवरा वर्षाचाही नव्हता. रडून रडून आवाज बसला होता त्याचा. पुरात शाळेच्या गच्चीवर होतो आम्ही, तीन दिवस. होडीतून एकाने गाठोडं दिलं, म्हणाला आत दुधाची पावडर आहे, आणि होडी गेली पुढे. अशीच गाठ. अशीच भिजलेली सुतळी. दात गेला तेव्हा कुठे सुटली.

सून : ह्यांना माहीत आहे?

सासू : कुणालाच नाही. आमच्या घराने कधी कुणापुढे हात पसरला नाही, हे मी ह्याच हॉलमध्ये किती जणींना ऐकवलंय!

सेक्रेटरी : काकू... सुरगाठ मारली असती तर?

सासू : मग एवढा वेळ काय सांगतेय? सुरगाठ मारायची आणि टोक चांगलं वीतभर लांब सोडायचं. न बघता हाताला लागलं पाहिजे, ओढलं की सुटलं पाहिजे. बस खाली. सगळी सोडायचीत.

सेक्रेटरी : दोन तासांत ट्रक निघतोय!

सासू : मग तोंड बंद ठेव आणि हात चालव.

सून : मी ऑर्गनवाल्यांना बोलावते. टोक आता लांबच असणार, सापडेल त्यांना.

सेक्रेटरी : थांबा वहिनी, आधी काकूंचा फॉर्म भरू. रकाना कोरा ठेवून ट्रकच्या यादीत नाव घालता येत नाही मला. निघायच्या आधी पाळकसाहेब सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहेत.

सासू : सगळ्यांसमोर?

सेक्रेटरी : हो. पण मी लिहितो काहीतरी. चर्चच्या कामाचा तीस वर्षांचा अनुभव, असं. चालेल.

सासू : खोटं कशाला लिहितोस? नीट, वाचता येईल अशा अक्षरात लिही. मदत घेतलेली आहे.