पडद्यातली कात्री

साहेबराव : म्हंजे ती चीज पेशीच्या आत बी न्हाई आन् भायेर बी न्हाई?

शालू : मधे, अण्णा. मेंदूतल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. त्या पडद्यातच ही प्रथिनं बसलेली असतात. मोसंबीची फोड बघा…

साहेबराव : मोसंबीचं राहू दे. जनम मोसंबीत गेला माझा. मला तुझ्या आईचं सांग.

द्वारका : गोजर, काच खाली घे गं. वारं येऊ दे. राजूर आलं का?

शालू : आई, मी शालू. तुझी लेक. अजून अंबडच आलंय.

साहेबराव : कशाला सांगती? सकाळपासून तू तिची बहीणच हायेस. गोजर जाऊन इतकी सालं झाली, पन हिच्यापाशी ती हायेच. परवा हायवेच्या स्टॉपवर जाऊन बसल्ती. म्हने, राजूरची यष्टी येऊन राह्यली, मला माहेरी जायचंय. मी बी बसलो शेजारी. कैक गाड्या गेल्या. मंग म्हनलं, शालू आली की तिच्या गाडीत जाऊ. तवा उठली.

शालू : पण तिथं आता कोण आहे? आजोबांचं घर पाडून दुकानं झालीत.

साहेबराव : मला ठावं हाय. तिला जायचंय, बस. तू पुढं सांग.

शालू : एक लांब प्रथिन असतं. बरंचसं पडद्याबाहेर, थोडं आत. पेशींना एकमेकींशी जोडून घ्यायला, इजा झाली तर सावरायला त्याचा उपयोग होतो. काम झालं की ते कापलं जातं. कापणारंही प्रथिनच. तेही पडद्यातच, आरपार वळसे घेत बसलेलं. आम्ही त्याला कात्री म्हणतो. ती नीट कापते तेव्हा तुकडे निघून जातात. थोडी जरी चुकली तरी लांब, चिकट तुकडे पडतात. ते साठत जातात, त्यांच्या गाठी होतात, आणि हळूहळू पेशी मरायला लागतात. नव्या आठवणी जिथं तयार होतात, तिथल्या आधी.

साहेबराव : म्हनून सकाळचं जेवन इसरती आन् लहानपनीचं बराबर सांगती.

शालू : हो.

साहेबराव : आन् हिची कात्री कशानं बिघडली? फवाऱ्यानं? मी बागेत फवारायचो, ही पानी आनून द्यायची…

शालू : नाही अण्णा, तुमचं त्यात काही नाही. आईचं रक्त तपासायला नेलं होतं ना, त्यात दिसलंय. तिच्या कात्रीतच एक बारीकसा बदल आहे. जन्मापासून.

साहेबराव : जन्मापासून? मंग लग्नात बी व्हता?

शालू : होता.

साहेबराव : राजदूत घेतली तवा?

शालू : तेव्हाही.

साहेबराव : अंगारकीला ह्याच रस्त्यानं जायचो आमी. तू मधी, ही मागं. जालना ओलांडलं की हिचं गानं सुरू. मी म्हनायचो, हळू म्हन, लोक बघून राह्यले. तं अजून जोरात! एकदा पंचर झाली. पार राजूरपरेंत गाडी ढकलत गेल्तो मी. ही तुला काखेत घेऊन मागून, फुटाने खात. म्हनती कशी, आता नवस फिटला तुमचा, पायी वारी झाली. हसून हसून खाली बसली रस्त्यात. तवा बी ते आत व्हतंच म्हन.

शालू : होतंच.

साहेबराव : असू दे. असूनशान हसली की एवढं.

द्वारका : कोन हसलं?

साहेबराव : तूच.

द्वारका : मंग बरं.

साहेबराव : तू बघितली का गं ती कात्री?

शालू : तिचं चित्र बघते, अण्णा. प्रथिन गोठवून मोठ्या सूक्ष्मदर्शकातून फोटो काढतो आणि त्यावरून आकार जुळवतो. आईत बदल आहे ना, ती जागासुद्धा दिसते. माझ्या रोजच्या कामातली आहे.

साहेबराव : कशी दिसती?

शालू : काहीच विशेष नाही. एका वळणाचा कोपरा. सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

साहेबराव : आन् औषध?

शालू : गाठी थोड्या कमी करणारी औषधं आलीत. पण ती अगदी सुरुवातीलाच द्यावी लागतात. आईला उशीर झालाय. मी जे करते ते आईच्या कामाचं नाही, अण्णा. तुम्ही गावात सांगत फिरता, लेक औषध काढून राह्यली म्हणून…

साहेबराव : आता न्हाई सांगनार. पन शालू, हिच्या मायला बी हेच व्हतं. लोक बाधा म्हनायचे. मायकडून लेकीला आलं. मंग तुझं काय?

शालू : निम्मी शक्यता असते. मी तपासून घेतलं.

साहेबराव : आन्?

शालू : माझ्यातही तोच बदल आहे.

साहेबराव : गाडी बाजूला घे.

शालू : अण्णा, मला आत्ता काही झालेलं नाही. आईला पन्नाशीत सुरू झालं. मला खूप वर्षं आहेत, तोवर…

साहेबराव : घे म्हनतो ना बाजूला.

शालू : घेतली. काय झालं?

साहेबराव : काही न्हाई. जरा तुझ्याकडं बघायचं व्हतं. मघापासून नुसती रस्त्याकडं बघून बोलून राह्यली तू.

द्वारका : पोचलो का आपन?

साहेबराव : पोचतोच आता. चल बाई, हळू चालीव. काही जल्दी न्हाई.

(राजूर. गणपतीच्या देवळाच्या पायऱ्या. साहेबराव नारळ आणायला गेले आहेत.)

शालू : पाणी पी थोडं.

द्वारका : गोजर, मायला एकलं ठिवून आलीस घरी?

शालू : आई, मी गोजर… नाही. एकटी नाही ठेवली. शेजारच्या चतुराकाकू बसल्यात तिच्यापाशी.

द्वारका : मंग ठीक हाय. पन लवकर जाऊ. परकं मानूस असलं की बावरती ती.

शालू : मला ओळखत नाही ती आता.

द्वारका : मला बी न्हाई ओळखत. तू सांगत नको बसू, मी अमकी हाय न् मी तमकी हाय. लई सांगितलं की तिला वाटतं, आपलंच काही चुकलं. जवळ बसायचं. येनी घालून द्यायची. केसाला हात लागला की गप होती.

शालू : आणि रडली तर?

द्वारका : रडू द्यायचं. मंग जात्यावरचं म्हनायचं काही. बोल इसरली तरी चाल येती तिला. बघ तू, ओठ हालतेत.

शालू : तिला कळतं का गं, आपलं काय होऊन राह्यलंय ते?

द्वारका : आधी कळायचं. चुलीपाशी बसून म्हनायची, द्वारके, मी कुठं चालले गं? आता न्हाई कळत. आता तिचं बरं हाय. बघनाऱ्यालाच जड जातं.

शालू : मला भ्या वाटतंय. उद्या मला तसंच झालं तर?

द्वारका : तुला? येडी! केवढीशी तू. सरक अशी इकडं. ठिव डोकं इथं. कशाला भेती? मी हाय की.