निद्रेच्या तळ्याचा खुलासा

एकालाच इंग्रजी नीट येते, म्हणून तो वाचेल ते सारे खरे मानावे काय?

सिंदी मेघे गावात आम्ही चौघे दर रविवारी फासे टाकून, आपापले पात्र घेऊन, खेळातल्या कल्पनेच्या राज्यात फिरतो. नियमांचे इंग्रजीतले अधिकृत खुलासे प्रफुल्ल वाचून दाखवी. वैशालीताईंची जादूगारीण चांदण्या तळ्याकाठी निजली, तेव्हा तो म्हणाला, "ताई, नवीन खुलासा आला. इथं झोपला तो मेला." दोन वर्षे जपलेल्या पात्राचा कागद ताईंनी फाडला. पथकाचे नेतृत्व जादूगारिणीकडून प्रफुल्लच्या पात्राकडे, सरदाराकडे गेले.

मी तो खुलासा शब्दकोश घेऊन वाचला. सोबत्याने हाक मारताच निजलेला उठतो, असे त्यात होते.

"काऊन खोटं बोलला रे?" ताईंनी विचारले.

"मले का मालूम, हे डिक्शनरी घेऊन बसतीन!" प्रफुल्ल माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

खेळ चालवणाऱ्या ईश्वरासमोर त्याने चूक कबूल केली, आणि ताईंनी पात्राचा कागद नव्याने लिहिला. त्या धूसर राज्यात त्याचा सरदार आता जादूगारिणीचा कंदील धरून तिच्यामागे चालतो.